ताण्याचे आठ आणे

साल १९५३. होळीच्या आधीचा रविवार, दुपारचे चार. दंडाची रक्कम एकावन्न रुपये. हजर : जातीचे पाच पंच, माझा थोरला भाऊ, गल्लीतली साठेक माणसे, आणि माझी माय, मारुतीच्या देवळाच्या खांबाआड. बायकोला येऊ दिले नव्हते. तिचा गुन्हा माझ्या गुन्ह्यात धरला होता.

गुन्हा असा, की अडीच महिन्यांपूर्वी आम्ही दोघांनी बाप्तिस्मा घेतला होता.

पाराखाली टोपली ठेवली होती. टोपलीत पाचही पंचांचे जोडे. दहा नग. एकाचा अंगठा तुटलेला, एकाला शेण लागलेले. टोपली मी ओळखली. आमच्याच घरची होती. बायको तिच्यात सुताच्या कांड्या भरून ठेवायची. भावाने आणून दिली होती.

मुख्य पंच धोंडबाजी. इतवारी बाजारातल्या शेठकडून सूत आणून गल्लीत वाटायचा, आणि विणलेली लुगडी शेठला पोचवायचा. म्हणजे आमच्या पोटाची दोरी त्याच्या हातात. त्याने सगळ्यांसमोर विचारले,

"किती घेतले रे मिशनवाल्यायकडून?"

"काही नाही जी."

"लाजू नको गा, सांग. दुधाची भुकटी देल्ली का कोट देल्ला?"

लोक हसले. कोणीतरी मागून म्हणाले, "कोट असता त घालून नसता आला का!" पुन्हा हसले.

मी हिशेबाचा माणूस आहे. चौथीपर्यंत शिकलो, पण घरातला पै-पैसा लिहून ठेवतो. खरे उत्तर माझ्याकडे तयार होते. मिशनकडून घेतले : येशूच्या चरित्राचे एक पातळ पुस्तक. त्याचे दोन आणे मी रोख मोजून दिले होते, इतवारीच्या रस्त्यावर, चादर पसरून पुस्तके विकणाऱ्या माणसाला. दुसरे काही नाही. हे मी सांगितले नाही. सांगून कोणी ऐकले नसते.

शिक्षा अशी. टोपली डोक्यावर घ्यायची. पारापासून विहिरीपर्यंत सत्तर पावले जायचे, सत्तर पावले परत यायचे. मग पाचही जणांच्या पायांवर डोके ठेवून 'चुकलो' म्हणायचे. एकावन्न रुपये भरायचे. जातीत परत.

आणि मी टोपली उचलली.

हे लिहायला आजही हात जड होतो, पण लिहितो. मी ती उचलली. भीतीने उचलली असे म्हणता येईल, आणि ते थोडे खरेही आहे. पण त्याहून मोठी माझी चूक वेगळी होती. त्या पुस्तकात मी वाचले होते की येशूने, गुरू असून, कमरेला कापड बांधून बारा माणसांचे पाय धुतले. मला वाटले, हेही तसेच आहे. मान खाली घालणे म्हणजेच त्याच्या मागे जाणे. नवा माणूस होतो. शिकवलेले सगळे एकदम करायला निघालो होतो.

मी पावले मोजत होतो. सवय आहे. पंधरा. वीस. शेणाचा ओघळ कपाळावरून भुवईत आला. पंचवीस. पोरे मागे मागे, टाळ्या वाजवत. तिसाव्या पावलाला धोंडबाजीचा आवाज ऐकू आला. तो माझ्याशी बोलत नव्हता, बाजूच्या पंचाशी बोलत होता.

"पाह्यलं? अडीच महिन्यांत उतरला याचा येशू."

एकतिसाव्या पावलावर मी थांबलो.

तेवढ्यात मला कळले. पाय धुणारा स्वतः उठला होता. त्याला कोणी हुकूम दिला नव्हता. त्याने कोणाच्या डोक्यावर जोडे चढवले नाहीत, आणि कोणी चढवले म्हणून त्याने स्वतःचे बोलणे मागे घेतले नाही. मी ज्याला नम्रता म्हणत होतो, ती माझी सही होती. 'तू मालक, मी जोड्याखालचा' या कागदावरची सही. माझे प्रत्येक पाऊल ते त्यांच्या बाजूला जमा धरत होते.

मी टोपली खाली ठेवली. आपटली नाही. नीट ठेवली, कारण ती माझ्या बायकोची होती. जोडे एक एक काढून जमिनीवर जोडीने लावले. टोपली काखेत घेतली आणि पाराकडे वळलो.

"पाय धुवाचे असन त पानी आनतो जी. आत्ता आनतो, पाचहीचे धुतो. पन हे डोक्यावर नेत नाही."

कोणी हसले नाही.

धोंडबाजी म्हणाला, "दंड एकशे एक."

मग पंचांनी वाळीत टाकले. आमच्या गल्लीत त्याचे तीन शब्द होते : आग नाही, पाणी नाही, हात नाही. आग म्हणजे चुलीचा विस्तव. पाणी म्हणजे विहीर. या दोन्हींतून मार्ग निघाला. काडेपेटी विकत मिळते, आणि सरकारी नळ अर्ध्या मैलावर होता. बायकोने रोज बारा घागरी आणल्या. सहा खेपा, दोन-दोन घागरींच्या. तिच्या डोक्यावरची चुंबळ पंधरा दिवसांत झिजली.

तिसरा शब्द मात्र विणकराचा जीव घेणारा आहे.

ज्याला आमचे काम माहीत नाही त्याच्यासाठी सांगतो. लुगडे मागावर चढण्याआधी त्याचे उभे सूत, म्हणजे ताणा, खळीत भिजवून गल्लीत लांब ताणतात. पाच लुगड्यांचा ताणा पन्नास वार. ओला असतानाच तो मोठ्या कुंच्यांनी विंचरावा लागतो. याला पाजणी म्हणतात. सकाळी ऊन चढायच्या आत व्हायला पाहिजे. उशीर झाला की दोरा दोऱ्याला चिकटतो आणि सगळे सूत वाया. याला सहा माणसे लागतात. कुंच्यावर चौघे, तुटले दोरे सांधायला दोघे. कोणी कोणाला मजुरी देत नाही. आज मी तुझ्या ताण्यावर, उद्या तू माझ्या.

त्याच्या आदल्या वर्षी मी लोकांच्या चाळीस ताण्यांवर उभा राहिलो होतो. ते लिहिलेले आहे. एकदा अंगात ताप असताना धोंडबाजीच्याच ताण्यावर.

वाळीत टाकल्याला एकोणीस दिवस झाले होते. घरातले शिल्लक सूत मी ताण्यासाठी लावले. भाऊ त्याच छपराखाली, माझ्या शेजारच्या मागावर बसायचा. त्याला म्हटले, "उद्या पाजणी हाय, दादा."

"पाहू," म्हणाला. वर पाहिले नाही.

ते 'पाहू' मी 'हो' धरले. विणकर सूत नासताना पाहू शकत नाही, असा माझा हिशेब. आयुष्यात इतका चुकलेला हिशेब मी दुसरा केला नाही.

त्याच आठवड्यात चर्चचे पाळकसाहेब सायकलवर येऊन गेले होते. भला माणूस. म्हणाले, "मिशनच्या कंपाउंडात एक खोली रिकामी आहे. या दोघे. इथे कशाला मरता?" मी म्हटले, "साहेब, मी खोलीत गेलो तर उद्या गल्ली म्हणेल, खोलीसाठी गेला. आणि मग ते खरे ठरेल." त्यांनी सायकल वळवली. मग म्हणाले, "तुमच्यासाठी प्रार्थना करतो." मी म्हटले, "ती करा. ती घेईन."

पाजणीच्या दिवशी पहाट फुटताच ताणा खळीत बुडवला, गल्लीत ताणला. दोन्ही टोकांना बांबू. आणि पाहत राहिलो. दारे उघडली. माणसे बाहेर आली, दात घासत, तांबे हातात घेऊन. ओट्यांवर बसली. भाऊ दारात आला. हात पाठीमागे बांधून उभा राहिला.

ते खरोखरच पाहणार होते.

मी एका बाजूने कुंचा चालवायला लागलो. दहा वार जाऊन मागे पाहिले, तर मागचे सुकत आलेले. ऊन घरांच्या कौलांवर उतरले होते. बायको दारातून आली आणि दुसरा कुंचा उचलला.

आमच्यात बाईने कुंच्याला हात लावायचा नाही. बाईने खळ शिजवायची, कांड्या भरायच्या. कुंचा पुरुषाचा. गल्लीत एकदम कालवा झाला.

"अरे, बायको कुंचा मारून राहिली! मग हा काय पोया लाटते का?"

"येशूच्या राज्यात असंच असते गा!"

तिने लुगड्याचा पदर खोचला आणि माझ्या समोरच्या बाजूने चालायला लागली. तिला येत नव्हते. तिचा कुंचा जोरात लागायचा, दोरे तटातट तुटायचे. मी ओरडलो नाही. आणि दोघांचे काम नव्हतेच ते. पन्नास वार होते, चार हात होते, आणि ऊन थांबत नव्हते.

तेव्हा माय आली.

माझी माय ख्रिस्ती नाही. आजही नाही. तिचे देव तिच्या कोनाड्यात आहेत. ती विधवा. आमच्यात विधवेची सावली ताण्यावर पडली तरी लोक सुतावर गोमूत्र शिंपडून घेत. ती भावाच्या बाजूच्या दारातून बाहेर आली, त्याच्या अंगावरून, आणि तिसरा कुंचा धरला.

भाऊ म्हणाला, "माय, घरात चाल. लोक पाहून राहिले."

"तू चाल घरात. तुया बापाच्या ताण्याची खळ चाळीस वर्स म्या शिजवली. तवा नाही बाटला ताना. आता कुंचा धरला त बाटते काय?"

ओट्यावरून एकजण म्हणाला, "म्हातारे, तू बी बाटली काय वं?"

माय कुंचा न थांबवता म्हणाली, "म्या याच्या देवासाठी नाही आली. सूत नासून राह्यलं म्हून आली. तुमी विनकर ना रे? सूत नासते अन बसून पाह्यता? थू."

ती खरेच थुंकली. त्यानंतर गल्लीत फक्त कुंच्यांचा आवाज होता.

तीनशे बारा दोरे तुटले. ते सांधायला मला चार दिवस लागले. पाच लुगड्यांच्या जागी चार निघाली, आणि चौथे डागी. धोंडबाजीने घ्यायला नकार दिला. मी ती खांद्यावर टाकून स्वतः इतवारीत गेलो. तीन दुकानांत नको म्हणाले, चौथ्याने घेतली. बाजारापेक्षा कमी भाव दिला, पण पुढच्या ताण्याचे सूतही दिले. धोंडबाजीशिवाय लुगडे विकता येते, हे आमच्या गल्लीत पहिल्यांदा कोणाला तरी कळले.

पाजणीच्या त्या दिवशीच, कुंचे धुऊन झाल्यावर, माय ओट्यावर बसली आणि हात पुढे केला. "आठ आने दे."

पाजणीला मजुरी नसते.

"म्या फुकट नाही येत. अन सगळ्यायसमोर मोजून दे. उद्या हे म्हनतीन, म्हातारीले मिशननं देल्ले. म्या म्हनन, माया पोरानं देल्ले, कष्टाचे."

मी दिले. मोजून.

दोन महिन्यांनी लग्नसराई लागली. गल्लीत ताणे जास्त, हात कमी. धोंडबाजी स्वतः माझ्या दारात आला. जोडे काढून ओट्यावर चढला, पण आत आला नाही. म्हणाला, "जोडे राहू दे. एकशे एकही राहू दे. अकरा रुपये ठेव अन 'चुकलो' म्हन. मनातून नको म्हनू, तोंडानं म्हन. जातीचं तोंड राहते गा."

त्या दिवशी अकरा रुपये माझ्याकडे होते. हे नोंदवतो, नाहीतर कोणी म्हणेल, नव्हते म्हणून नाही दिले.

मी म्हटले, "ताण्यावर बोलवा जी. उद्या बोलवा, येतो. कोणाच्याही ताण्यावर येतो, तुमच्याही. पन दंड देत नाही. माया दंड भरला हाय."

"कोनं भरला? मिशननं?"

"ज्यानं भरला त्याच्या हातांत खिळे ठोकले होते. त्यानं पुरा भरला. त्याच्यावर मी अजून अकरा ठेवले, त त्याचं कमी पडलं असं होते. तसं मी म्हनत नाही. तोंडानंही नाही."

तो ओट्यावरून उतरला. मग त्याने जोडे पायांत सरकवले. स्वतःच्या हातांनी. "तुयी मर्जी," म्हणाला आणि गेला.

वाळीत टाकलेले कोणी उठवले नाही. आज साल १९६०. सात वर्षे झाली. लोकांना वाटते, मी हट्टी आहे. आहे. मला विचारतात, काहून एवढं? एक शब्द तर होता. तो एक शब्द एकतिसाव्या पावलापर्यंत माझ्या जिभेवर होता, म्हणून मला त्याचे वजन माहीत आहे. तो बोललो असतो, तर परत गल्लीत आलो असतो आणि आयुष्यभर टोपलीखाली राहिलो असतो. आता गल्लीच्या बाहेर आहे आणि डोक्यावर काही नाही. देवापुढे मान वाकवतो. ती मी स्वतः वाकवतो, आणि दुसऱ्या कोणापुढे वाकवत नाही. भाऊ अजून शेजारच्याच मागावर बसतो. अजून बोलत नाही. त्याने बोलावे म्हणून मी तो शब्द देणार नाही.

वाळीत टाकल्यापासून एकशे सतरा ताणे झाले. सगळे भरदिवसा, त्याच गल्लीत, त्याच दारांसमोर. बायकोचा कुंचा आता माझ्यापेक्षा हलका चालतो. मायच्याने चालवत नाही. ती पाटावर बसून तुटले दोरे सांधते, चष्म्याशिवाय. अठरा दिवसांनी पुढचा ताणा लागेल. सहा माणसे येणार नाहीत, हे आता धरूनच चालतो. तिघांत करू. ती गेली तर दोघांत. दोघांतला एक उरला, तर तो एकटा ताणेल, आणि जेवढे विंचरेल तेवढे विणेल.

पंचांचा दंड एकावन्न, मग एकशे एक, मग अकरा. दिले : काही नाही. मिशनकडून घेतले : काही नाही. काल एकशे सतराव्या ताण्याचे आठ आणे दिले. नवे पैसे येऊन तीन वर्षे झाली तरी ती आठ आणेच म्हणते. ओट्यावर, सगळ्यांसमोर, मोजून. मायला.