गेटवर काढून ठेवलेली बिडी

नणंदेच्या मुलाचं बारसं होतं. घमापूरचं आमचं घर बायकांनी भरलेलं. बुद्धवंदना झाली, नाव ठेवलं, आणि बाळ एकीच्या हातातून दुसरीच्या हातात फिरू लागलं. माझ्यापर्यंत आलं. मी हात पुढे केले. सासूबाईंनी माझं मनगट धरलं.

"तू नको घेऊ वो. लेकराले नजर लागते."

बाळ मला ओलांडून पुढच्या हातात गेलं. नवरा अंगणात बिडी ओढत होता. ती विझवून आत आला आणि त्याच धुरकट बोटांनी त्यानं बाळ उचललं. त्याला कोणी अडवलं नाही. मी आत जाऊन खिरीचं पातेलं घासत बसले. रडले नाही. अंगाची नुसती आग होत होती.

लग्नाला बरीच वर्षं झालेली. तपासण्या सगळ्या माझ्याच. सुया माझ्या, गोळ्या माझ्या, गर्भनळ्यांचा तो जीव नकोसा करणारा एक्स-रे माझा. तो दवाखान्याबाहेर बिडी पेटवून उभा. बारशानंतर शेवटी सिविल लाइंसच्या डॉक्टरीणबाईंनी त्याला आत बोलावलं. "भैया, आपकी भी जाँच होगी." घुश्शातच गेला.

रिपोर्ट घ्यायला दोघं गेलो. माझ्यात दोष नव्हताच. त्याचे शुक्राणू कमी होते, जे होते तेही सुस्त. धुरानं असं होतं, बिडी पूर्ण सोडा, काही महिन्यांनी पुन्हा बघू, असं बाई म्हणाल्या. हमी दिली नाही. पण सुरुवात इथूनच, हे बजावलं.

परतताना त्यानं चौकात स्कूटर थांबवली. बिडी पेटवली.

"माझा बाप मरेपर्यंत बिडी पेत होता. आम्ही पाच भावंडं झालो." मग आवाज उतरवून, "घरी सांगू नको. आईले वाटतेच का खोट तुझ्यात आहे. तसंच राहू दे."

तसंच राहू दे. म्हणजे कोणीही यावं आणि माझं मनगट धरावं.

तो दारूगोळ्याच्या फॅक्टरीत आहे. गेटवर झडती होते, बिडी-माचिस बाहेरच ठेवावी लागते. अख्खी शिफ्ट बिडीशिवाय काढतो. कधी कुरकुर नाही. सरकारच्या बारुदासाठी सगळं जमतं त्याला.

घरात शिरले आणि चप्पल काढायच्या आधीच बोलले. "आई, खोट माझ्यात नाही. ह्यांची तपासणी झाली आहे."

"काहून खोटं बोलून रायली?" त्यांनी लेकाकडे पाहिलं. तो जमिनीकडे बघत होता. त्या तोंड फिरवून आत गेल्या.

मी त्याला म्हटलं, "फॅक्टरीच्या गेटवर काढून ठेवता ना? आता या दारातही ठेवा."

"जास्त बोलून रायली तू," एवढंच म्हणाला.

हो. जास्तच बोलणार आहे. मूल होईल की नाही, मला ठाऊक नाही. तो बिडी सोडेल की नाही, तेही नाही. पण त्याच्या धुरापायी यापुढे एकही सुई मी टोचून घेणार नाही. आणि पुढच्या बारशाला हात पुढे करणार. कोणी मनगट धरलं, तर झटका देऊन सोडवीन आणि बाळ उचलीन.