ओकालीनाचा मासा

मासा लागला तो ओकालीनाच्या गळाला, आणि सोडून दिला तो गस्टीनं. झालं ते एवढंच. पण एवढंच पुरून उरलं.

गेल्या वर्षी उन्हाळा सरता सरता ही दोघं भावंडं वरच्या तळ्याच्या काठी पोटरीभर पाण्यात उभी होती. ओकालीना थोरली, सत्तरी ओलांडलेली, पाय सुजलेले, जीभ मात्र ठणठणीत. तळ्याकाठी एके काळी त्यांच्या आईचा मासे सुकवायचा तळ होता, ओकालीनाचा जन्मही तिथलाच. मध्ये इतकी वर्षं गेली होती की मांडवाचे खांबसुद्धा कुजून मातीला मिळाले होते. तिनं गळ टाकला आणि थोड्याच वेळात दोरीला ओढ बसली. लाल पोटाचा, हातभर लांब ट्राउट. "धर, धर रे मेल्या!" म्हणत तिनं तो काठाशी खेचत आणला. गस्टी वाकला. गळ हलकेच फिरवून त्यानं माशाच्या जबड्यातून सोडवला, मासा दोन्ही तळव्यांवर पाण्याखाली धरला, त्याला दम खाऊ दिला, आणि ओंजळ उघडली. शेपटीचा एक फटकारा, की मासा गायब.

"गस्ट्या," ओकालीना म्हणाली, "माझं जेवण कुठं गेलं?"

गस्टी आपल्या हातांकडे बघत राहिला. कुणा दुसऱ्याचे हात चुकून आपल्या बाह्यांत आले असावेत, तसा.

"दुसरा काढू ताई, थांब."

पण विमानापाशी उभी असलेली वैमानिक रोंडा तेवढ्यात ओरडली, "ढग खिंडीत उतरायला लागलेत! येताय, की इथंच घर बांधताय?" खिंड बंद झाली की वरचं तळं जगापासून तुटतं, तिथं वाद घालण्यात अर्थ नसतो. गावच्या धक्क्यावर उतरल्यावर ओकालीना म्हणाली, "एक मासा देणं लागतोस तू मला. त्याच तळ्यातला. नदीतला आणून माझ्या तोंडाला पानं पुसू नकोस."

हातांचा तरी काय दोष? अलास्कातल्या त्या गावात गस्टीनं जन्मभर एकाच धंद्यावर पोट भरलं होतं. दूरदूरची गिऱ्हाइकं लहान विमानात घालायची, रानातल्या तळ्यांवर न्यायची, मासा गळाला लागला की फोटो काढायचा आणि मासा परत पाण्यात. गिऱ्हाइकांच्या गळाच्या एकेका काठीच्या किमतीत गावात होडी आली असती. मासा खायचा सोडून त्याचं बारसं काय करतात, हे गावाला कधी कळलं नाही. ओकालीनाला तर ते पापच वाटायचं.

"अन्न आपल्या पायानं दारात येतं आणि तुम्ही त्याला गुदगुल्या करून परत पाठवता," ती म्हणायची. "माशालाही मान असतो. एक दिवस तुझ्याकडं पाठ फिरवतील ते."

"ताई, त्या गुदगुल्यांच्या पगारातूनच तुझ्या शेगडीत तेल पडतं."

"म्हणून तर मी गप्प बसते," असं म्हणून ती पुन्हा सुरू व्हायची.

गस्टीचं दुसरं काम म्हणजे सफरीची आखणी. लहान विमान फार नाजूक पोटाचं असतं. दोन घास जास्त झाले की पाण्यावरून उठतच नाही, नुसतं फेस काढत तळंभर पळतं. म्हणून धक्क्यावर वजनकाटा ठेवलेला. माणूस, पिशवी, पीठ, तेलाचा डबा, सगळं त्याच्यावर चढायचं आणि गस्टी शेजारी उभा राहून म्हणायचा, "हे ठेव खाली." गावात त्याचं नावच 'ठेवखाली' पडलं होतं. एका पाहुण्याची गिटार त्यानं खाली ठेवली होती, एकदा पाद्रीबाबांची मेणबत्त्यांची पेटी, आणि एका नवऱ्याला तर बायको पुढच्या फेरीला पाठवायला लावली होती. तो नवरा पुढं दर नाताळात शुभेच्छांचं कार्ड पाठवायचा.

हिवाळ्यात ओकालीनाच्या पोटात दुखायला लागलं. अँकरेज शहरातल्या डॉक्टरानं यंत्रात घालून बघितलं, पुष्कळ वेळ हळू आवाजात बोलला. परत आल्यावर गस्टीनं विचारलं, "काय म्हणाला?"

"म्हणाला, पुढच्या हिवाळ्याचं तेल भरायची घाई करू नका." तिनं चहात साखर घातली. "तर माझ्या माशाचं काय?"

तळ्यांवर अजून बर्फ होता तेव्हाच गस्टी आखणीला बसला. ओकालीनाच्या जेवणाच्या टेबलावर साखरेचा डबा म्हणजे डोंगर, दोन बशांमधली फट म्हणजे खिंड, पलीकडची वाटी म्हणजे तळं. रोंडाचं विमान गिऱ्हाइकांच्या वरच्या कॅम्पला सामान टाकायला जायचं. जाताना ती दोघांना तळ्यावर सोडणार, संध्याकाळी परतताना उचलणार, असं ठरलं. 'मासा धरू' असं मात्र दोघांपैकी कुणी म्हणत नव्हतं. तसं बोलायची रीत नाही; मासे ऐकतात. 'तळं बघून येऊ' एवढंच म्हणायचं.

"कपड्यांची पिशवी एकच," गस्टी म्हणाला. "उशी नाही."

"मला टेकायला लागते. उशीला असं काय वजन असतं?"

"सगळे उशीपासूनच सुरुवात करतात, ताई. शेवटी खाट येते."

"आणि आईचं पातेलं?"

पातेलं ओतीव लोखंडाचं, तळाशी काळंकुट्ट, एका हातानं न उचलणारं. "ते राहील," गस्टी म्हणाला. "पत्र्याचा डबा देतो."

"तळ्याचा मासा, तळ्याचं पाणी, आईचं पातेलं. माशाचं डोकं त्यातच उकळायचं. नाहीतर नेऊच नकोस मला. इथं बसून दुकानातला डबाबंद मासा खाते आणि तुझं नाव घेत मरते."

"मग काट्यावर बघू," गस्टी म्हणाला. त्याच्या तोंडी याचा अर्थ 'नाही' असा होतो, हे गावातलं शेंबडं पोरही सांगेल.

उन्हाळ्यातल्या पहिल्या खेपेला ओकालीना डोक्याला फुलाफुलांचा रुमाल बांधून धक्क्यावर आली. काट्यावर चढली, खाली उतरली, आणि गस्टीनं पातेलं उचलून शेडमध्ये नेऊन ठेवलं. ती नुसती बघत राहिली. एवढं करूनही उपयोग झाला नाही. खिंडीच्या तोंडाशी पांढरी भिंत उभी होती. रोंडानं एक घिरटी घातली, मान हलवली आणि विमान वळवलं.

"भिंतीपलीकडंच आहे ना ग तळं?" ओकालीनानं विचारलं.

"पलीकडंच आहे, मावशी. पण भिंतीच्या पोटात डोंगर आहे."

मग पाऊस लागला, तो लागलाच. रोज सकाळी गस्टी धक्क्यावर जायचा. रोंडा विमानाला पाण्यावर तरंगवणाऱ्या पोकळ फ्लोटांत रात्री झिरपलेलं पाणी हातपंपानं उपसत असायची. तो डोंगराकडं बघायचा, ती मान हलवून पुन्हा पंप मारायची. नदीतून सॅमन मासे वर चढून गेले, अंडी घालून मेले, काठावर कुजले. गावाचे सुकवणीचे मांडव भरले. शेजारणी वाडग्यातून मासे आणून द्यायच्या. ओकालीना आभार मानायची, घासभर खायची, बाकी कुत्र्याला.

दुसऱ्या खेपेला आकाश उघडल्यासारखं वाटलं. ओकालीना पातेलं पोटाशी धरूनच काट्यावर चढली. "बघ, दोघांचं मिळून बघ."

गस्टीनं काटा बघितला. मग खाली वाकून काट्याखाली काही अडकलंय का ते बघितलं. पातेल्यासकट ती पहिल्या खेपेच्या एकट्या ओकालीनापेक्षा हलकी भरली होती.

"काय रे? ठेवू खाली?"

"नको," गस्टी म्हणाला. "असू दे."

रोंडा तोंड फिरवून दोर सोडवत बसली. 'ठेवखाली'च्या तोंडून 'असू दे' तिनं पहिल्यांदाच ऐकलं होतं आणि ते तिला मुळीच आवडलं नाही. विमानात बसायच्या आतच वारा फिरला. खाडीवर पांढऱ्या लाटा उठल्या. दिवसभर तिघं शेडमध्ये बसली, कडक बिस्किटं चहात बुडवून खाल्ली, आणि घरी गेली.

तिसरी खेप अगदी हंगामाच्या शेवटाला. झुडपं लाल होऊन झडायला लागली होती, सकाळी काठाला काचेसारखा पातळ बर्फ धरायचा. आकाश मात्र असं निळं की आधीच्या सगळ्या दिवसांचा राग यावा. गस्टीनं बहिणीला धक्क्यापर्यंत हातगाडीवर आणलं. ("मासे वाहायची गाडी आहे ना ही? बरं केलंस.") फ्लोटवर पाऊल टाकून मग पायरीवर चढायचं, की आत. रोंडानं वरून हात दिला, गस्टीनं मागून आधार. ओकालीनानं पाऊल फ्लोटवर ठेवलं. दुसरं काही उचललं जाईना. तिनं पुन्हा प्रयत्न करून बघितला. कपाळावर घाम आला, ओठ पांढरे पडले.

"थोडा दम खा, मावशी," रोंडा म्हणाली. "घाई नाही."

"घाई नाही कशी? घाईच आहे." ती तशीच मागं वळली आणि हातगाडीच्या कडेवर बसली. श्वास परत यायला वेळ लागला. "तू जा, गस्ट्या. पातेलं ने. बघून ये तळं."

गस्टी उभाच राहिला.

"जा म्हटलं ना! आकाश काय माझ्या बापाचं आहे थांबायला?"

तो गेला. शेजारच्या आसनावर पातेलं ठेवून त्यानं त्याला पट्टा बांधला. खिंड दारासारखी उघडी होती.

रोंडा त्याला तळ्यावर सोडून पुढं कॅम्पकडं गेली. गस्टीनं डबी उघडली. आतले सगळे गळ बिनकाट्याचे, मासा सोडायला सोपे जावेत म्हणून त्यानंच पकडीनं काटे चेपलेले. ते त्यानं बाजूला सारले. आईच्या वेळचा एक काटेरी गळ ओकालीनानं चिंधीत गुंडाळून दिला होता, तो बांधला. ओढा जिथं तळ्याला मिळतो तिथं तो उभा राहिला. पाणी इतकं नितळ होतं की मासे दिसत होते. तळाशी ओळीनं, ओढ्याकडं तोंड करून. जन्मभर त्यानं याच तळ्यात, याच ओढ्याच्या तोंडाशी, किती हातांतून किती मासे सोडवले असतील त्याची गणती नाही. आज एक हवा होता.

गळ त्यांच्या पुढ्यातून गेला. एक मासा निघाला, गळामागं हातभर आला, थांबला, आणि वळून जागेवर गेला. मग दुसरा, त्यानंही तेच केलं. ज्याचं देणं आहे असा माणूस समोरून दिसला की लोक रस्ता ओलांडून पलीकडं जातात, तसे. गस्टीनं आमिष बदललं, जागा बदलली, काठावर पालथा पडून सावली लपवली. बुटांत पाणी शिरलं, बोटं लाकडासारखी झाली. ऊन डोंगरामागं उतरायला लागलं तेव्हा त्यानं जे करायचं नसतं ते केलं. मोठ्यानं बोलला.

"एक द्या. माझ्यासाठी नाही मागत."

मासे जागचे हलले नाहीत.

विमानाचा आवाज आला तेव्हा तो पातेलं बुडवून पाणी भरत होता. रोंडा फ्लोटवर उतरली, रिकामी काठी बघितली आणि माशाबद्दल काही विचारलं नाही. पातेल्याबद्दल मात्र राहवलं नाही.

"लोकांच्या उशा काढल्यास तू जन्मभर. आणि आता पाणी नेतोस?"

"आज वजनात बसतं," गस्टी म्हणाला.

सगळ्या वाटेत त्यानं पातेलं मांडीवर धरलं होतं. तरी अर्धं पाणी त्याच्या पँटीवर सांडलं.

ओकालीना खिडकीशी खुर्चीत बसली होती. समोरच्या कोनाड्यात देवाच्या चित्रापुढं वात जळत होती. तिनं भावाच्या ओल्या पँटीकडं बघितलं, मग पातेल्यात डोकावली.

"मासा कुठाय?"

"वळून जात होते, ताई. येऊन बघायचे आणि वळून जायचे."

'मी म्हटलं नव्हतं?' असं ती म्हणेल, म्हणून तो वाट बघत उभा राहिला. जन्मभर म्हणत आली होती. आजच म्हणाली नाही. तेच त्याला जास्त लागलं.

"शेगडीवर ठेव," ती म्हणाली.

त्या पाण्याचा चहा झाला. लोखंडाची चव होती, थोडी शेवाळाचीही. तिनं कप दोन्ही हातांत धरून अर्धा प्यायला. अलीकडं एवढंही जात नव्हतं.

"पाणी पोचलं. पातेलं आलं," ती म्हणाली. "मासा राहिला."

"राहिला," गस्टी म्हणाला.

पुढच्या आठवड्यात रोंडानं विमान पाण्याबाहेर ओढलं, काठावर ताडपत्री घालून बांधलं. खाडीचा काठ गोठत गोठत धक्क्यापर्यंत आला. गस्टी रोज संध्याकाळी बहिणीकडं जायचा, शेगडीत तेल घालायचा आणि समोर बसायचा. ती पुष्कळदा डोळे मिटून असायची. एका संध्याकाळी न उघडताच तिनं विचारलं,

"वरच्या तळ्याचा बर्फ कधी सुटतो रे?"

"जूनच्या सुरुवातीला."

"हं."

बाहेर कुणाचं तरी कुत्रं भुंकत होतं. गस्टीनं टेबलावरचे कप बाजूला केले. साखरेचा डबा मध्ये ओढला. दोन बशा घेतल्या, त्यांच्यात फट ठेवली, पलीकडं वाटी मांडली. बशांचा आवाज ऐकून तिनं एक डोळा किलकिला केला.

"या खेपेला उशी घेऊ का?"

"घे," गस्टी म्हणाला.