रेडिओची वायर

सोल्डरबाईंनी शाळांच्या रोबो-स्पर्धेत उपांत्य सामन्याआधी पोटच्या पोरीच्या रोबोची वायर मुद्दाम ओढून ठेवली, अशी कुजबुज त्या वर्षी शाळेच्या फाटकापासून शिवणवालीच्या दुकानापर्यंत पोचली होती. का, तर म्हणे पोरगी जिंकली की लांबच्या कॉलेजात जाणार आणि आई घरात एकटी पडणार. शिवणवालीची जाऊ तिसऱ्या रांगेत बसली होती, तेव्हा पुरावा पक्का. त्या जावेला चष्म्याशिवाय स्वतःचा नवराही ओळखू येत नाही, ही गोष्ट वेगळी.

बाई शाळेत कार्यशाळा शिकवायच्या, तारा सांधायचं सोल्डर कायम हातात, म्हणून सोल्डरबाई. जळके डाग पडलेला एप्रन, कानामागे पेन्सिल, आणि जीभ अशी की चुकलेलं पोर आधी हसायचं, मग घरी जाऊन रडायचं. नवरा मोटारी वाइंड करणारा, म्हणजे जळलेल्या मोटारींत नवी तार गुंडाळून देणारा. रोबोचं वायरिंग त्याने हौसेने अंगावर घेतलं होतं. चिकटपट्टी गुंडाळली की तिचं टोक तो दुमडून ठेवायचा, छोट्याशा कानासारखं. "उद्या कुणाला उघडायची झाली तर नखं मोडायला नकोत," म्हणायचा. आजारपणात उशीला टेकून त्याने शेवटचा जोड केला, तो रेडिओच्या वायरीचा. स्पर्धेपर्यंत काही तो राहिला नाही. लेकीने तेव्हापासून एकच धरलं होतं: बाबांचा रोबो अंतिम फेरीत गेला पाहिजे.

बाईंचा दंडक होता, सामन्याआधी प्रत्येक जोड दोन बोटांनी ओढून बघायचा. सुटायचा असेल तर टेबलावरच सुटू दे. त्यात बाईंचा हात जड. "बाई जोड तपासत नाहीत, दात उपटतात," असं पोरं त्यांच्या तोंडावर म्हणायची.

उपांत्य सामन्यात रोबोने पहिला चेंडू टाकला, दुसऱ्याकडे वळला, तेवढ्यात समोरच्याची धडक बसली आणि तो जागच्या जागी थिजला. लेकीच्या पडद्यावर लाल अक्षरं आली, संपर्क नाही. बाकीचे रोबो त्याला वळसा घालून खेळत राहिले. भोंगा वाजला तरी तिच्या हातातून जॉयस्टिक सुटेना.

टेबलावर आणून तिने लॅपटॉप थेट केबलने जोडला. चाकं झकास फिरली. म्हणजे प्रोग्राम ठीक, मोटारी ठीक. बॅटरी भरलेली. फक्त रेडिओचा दिवा बंद, आणि रोबो हलवला की क्षणभर मिचकायचा. लेकीचं बोट वायरीवरून सरकत त्या चिकटपट्टीच्या कानापाशी आलं. तिने कान धरून पट्टी उलगडली. वायर आपसूक निसटून तिच्या हातात आली.

"आई, ही तू जोरात ओढलीस ना?"

बाईंनी वायरीचं टोक पाहिलं. तांब्यावर जोडाच्या पकडीचा साधा वळही उमटलेला नव्हता.

"हो," त्या म्हणाल्या.

"हळू ओढ, हळू ओढ, किती वेळा सांगितलं तुला सगळ्यांनी. बाबांनी केलेला जोड होता तो."

"माहीत आहे गं."

"बाबांचं कधी काही सुटलं नाही."

"नाही सुटलं," बाई म्हणाल्या आणि ती पट्टी त्यांनी एप्रनच्या खिशात टाकली.

शेजारच्या टेबलावरची मंडळी कान टवकारून होतीच. तिखटमीठ लावायला शिवणवालीचं दुकान होतं.

लेक हरूनही लांबच्या कॉलेजात गेली. अफवेची त्यामुळे जरा पंचाईत झाली, पण ती काही मेली नाही. आता रविवारी फोन होतो.

"जेवलीस का?"

"हो."

"काही हवंय?"

"नको."

मग दोघी फोन ठेवतात.

त्या दिवशी बाईंनी रोबोचे सगळे जोड ओढून पाहिले होते, तेवढा एक सोडून. नवऱ्याच्या हातचं ते शेवटचं काम होतं, आणि त्यांचा हात धजला नाही. जोड त्यानेच सैल बसवला होता.