समुद्रफुलाची घाई

“मेलं असंल तं गुपचूप दुसरं आणून ठेव, संजू. पण हिले कळू देऊ नको.” सरांनी मला अंगणातच अडवलं होतं. आवाज दाबलेला.

खामगावात मी ॲक्वेरियम बसवायचं काम करतो. सर रिटायर झालेले विज्ञानाचे मास्तर. काकू, म्हणजे त्यांची बायको, पॅरालिसिसमुळे दोन वर्षांपासून खाटेवर. त्यांना समुद्र पाहायचा होता, तो राहून गेला. म्हणून सरांनी त्यांच्या खाटेसमोर खाऱ्या पाण्याची टाकी बसवून घेतली. तिच्यात सी ॲनिमोन, म्हणजे समुद्रफूल. दिसतं फुलासारखं, पण असतो तो प्राणी, आणि भलता नाजूक.

नव्या टाकीत तो ठेवायचा नसतो. घाण पचवणारे जिवाणू तयार व्हायला, पाणी स्थिरावायला काही महिने लागतात. मी तसं सांगितलं होतं. सर म्हणाले, “डॉक्टर काय म्हणतात, तुले माहीत आहे. तिच्यापाशी तेवढे महिने आहेत काय बे?” पंधराव्या दिवशी ॲनिमोन सोडला. चूक माझीच.

आत गेलो. ॲनिमोन आक्रसून सुपारीएवढा झालेला, दगडाच्या फटीत. खारेपणा मोजायचं रिफ्रॅक्टोमीटर काढलं. पस्तीस हवा, बेचाळीस निघाला.

“सर, पाणी उतरलं की काय टाकता?”

“तू दिलेलं मीठ कालवून पाणी. खारं कमी होते तं खारंच टाकणार ना!”

मी कपाळाला हात लावला. “सर, उडते ते नुसतं पाणी. मीठ टाकीतच राह्यते. त्यात हा उन्हाळा, वरून कूलर. भर घालायची ती बिनमिठाच्या फिल्टरच्या पाण्याची.”

सर स्टुलावर बसलेच. “अरे देवा! तीस वर्षं पोरायले बाष्पीभवन शिकवलं म्या.”

खाटेवरून काकू बोलल्या. शब्द जड, पण स्पष्ट. “चार दिवसांपासून आक्रसून राह्यलं ते. तुह्या सरायले सांगते, तं म्हणतात झोपलं आहे. मले दिवसभर दुसरं काम काय, संजू? जगते का ते? खरं सांग.”

सर माझ्याकडे रोखून पाहत होते.

“बहुतेक नाही, काकू,” मी म्हणालो.

खारेपणा एकदम उतरवला तर त्या धक्क्यानेच प्राणी जातो. म्हणून आठ दिवस रोज येऊन थोडं थोडं पाणी बदललं. नवव्या दिवशी तो मरून दगडावरून सुटला. मेलेला ॲनिमोन बघता बघता सगळी टाकी नासवतो. लगेच काढला, काकूंच्या देखत. फार वाईट वाटलं.

“उद्याच दुसरं मागव,” सर म्हणाले.

“थांबा,” काकू म्हणाल्या. “टाकी तयार व्हायले किती दिवस लागतात, संजू?”

“अजून चार महिने तरी.”

“लागू दे. तोवर दगड पाह्यते मी.” मग सरांकडे मान वळवून म्हणाल्या, “मी मरून राह्यली, म्हणून त्या जीवाले काऊन मारता?”

सर उठून बाहेर गेले. मी सामान आवरलं.

पाचव्या महिन्यात नवा ॲनिमोन सोडला. कोणत्या दगडाशी, ते काकूंनी बोटाने दाखवलं.

आता गिऱ्हाईक घाई करायला लागलं की मी आधी विचारतो, टाकी कोणासाठी? आणि किती थांबायचं, ते त्या माणसालाच जाऊन विचारतो.