डाव्या अंगाला बसलेला माणूस

माझ्या पत्नीला अर्धांगाचा झटका आला, तेव्हा मी सोलापुरात गिरणीच्या विणाई खात्यात मुकादम होतो. तिची डावी बाजू लुळी पडली. वाचा मात्र शाबूत राहिली. घरात तिसरे माणूस म्हणजे माझी थोरली विधवा बहीण. आरंभी आम्ही दोघांनी पत्नीला हाताला धरूनच उठवले, बसवले. त्यात खांदा सांध्यातून खाली उतरला. वर बोट बसेल एवढी खाच पडली. पुढे पंजा सुजला आणि काचेच्या बांगड्या मनगटात रुतल्या.

डॉक्टर म्हणाले, "बांगड्या काढा. पण हात ओढाल, तर खांदा कायमचा जाईल. कोपराखाली आधार ठेवा. आणि त्यांच्या डाव्या अंगाला बसत जा. ती बाजू त्यांच्या ध्यानातून गेली आहे."

ओढायच्या नाहीत, म्हणजे फोडणे आले. नवरा जिवंत असता बांगड्या कोणी फोडीत नाही. चुकून फुटली तरी 'वाढली' म्हणतात.

पत्नी म्हणाली, "हात गेला तर जाऊ द्या. बांगड्या ऱ्हाऊ द्या."

बहिणीनेही अंग काढले. "माज्या हातानं नको. मी आदीच पांढऱ्या कपाळाची."

"मग मी फोडतो."

"फोड की. जित्ता नवराच फोडतोय म्हनल्यावर मी काय बोलू?"

मनगटाभोवती ओले फडके गुंडाळून मी पकडीने एकेक करून बांगड्या फोडल्या. पत्नी भिंतीकडे पाहत राहिली.

सूज उतरली. हात उशीवर राहू लागला, तशी खांद्याची कळही ओसरली. मात्र तिने पुन्हा कुंकू लावले नाही. करंडा उजव्या हाताने दूर सारी. मी समोर उभा राहिलो की डोळे मिटून घेई. पावले वाजली की विचारी, "वन्सं, घरात कोन फिरतंय?"

"तुजाच नवरा हाय गं बाई. दुसरं कोन येतंय हितं?"

"त्ये गेलं. तुमच्या देखतच फुटल्या की बांगड्या."

गिरणीतून आल्यावर मी तिच्या डाव्या अंगाला बसून कोपर तळहातावर तोलून धरीत असे. त्या बाजूचा माणूस तिला दिसत नसे. एकदा ती बहिणीला हळूच म्हणाली, "वन्सं, ह्यांच्या माघारी माजा हात कोन सांभाळतंय? धरलाय घट्ट, पर दुकत न्हाय."

बहीण तोंडाला पदर लावून चुलीकडे गेली. मी बोललो नाही. माझ्या आवाजाने ती दचकली असती, आणि खांद्याला हिसका बसला असता.