मेधाच्या छातीतले जंतू

मेधा गेली तेव्हा मी दवाखान्याखाली चहा घेत होतो. नर्स जिना उतरून आली आणि 'चला' एवढंच म्हणाली. मी आधी कप संपवला, मग वर गेलो. असं का केलं, ते मला अजून सांगता येत नाही.

माझी बायको समुद्रातल्या स्पंजांवर काम करायची. खडकाला चिकटलेले मऊ गोळे, प्राणीच ते. त्यांचा एक अर्क न्यूमोनियाच्या जंतूंना फुप्फुसाच्या पेशींना चिकटू देत नाही, असं तिच्या प्रयोगशाळेत दिसलं होतं. "होडीला बांधायला खुंटाच मिळाला नाही तर ती वाहून जाणार ना, तसं," ती मला समजवायची. अमावास्येच्या मोठ्या ओहोटीला ती मिऱ्याच्या कातळावरून गुडघाभर पाण्यात उतरायची. कोळणी विचारायच्या, "काय गो बाय, खातात काय ह्याला?" एकदा तिने स्पंजांचा डबा घरच्या फ्रिजमध्ये ठेवला, तर आईने मासळीसारखे ते गोळे नळाखाली धुऊन त्यांना मीठ-हळद लावून ठेवली. सगळी मेहनत वाया गेली. "मुरवलंत छान, आई," एवढंच मेधा म्हणाली आणि पुढच्या अमावास्येला पुन्हा गेली.

मग तिलाच न्यूमोनिया झाला. एकेक अँटिबायोटिक निकामी ठरत गेलं. मी जयगडच्या बंदरातला नोकरदार, मला एवढंच कळत होतं की हिचा अर्क गावातच फ्रीजरमध्ये पडून आहे. तसं बोललो. ऑक्सिजनचा मास्क बाजूला करत ती म्हणाली, "प्रयोगशाळेतल्या बशीत चालतं रे ते. माणसात काय करेल कुणाला ठाऊक?"

"मग तुझ्यावरच बघू."

"नको. मी वाचले तरी त्यातून काही कळणार नाही... मेले तरी नाही." थोड्या वेळाने म्हणाली, "माझ्या कफातले जंतू तेवढे श्रुतीकडे पाठव." श्रुती तिची विद्यार्थिनी. डॉक्टरांनी ते पाठवले. मला मेधाचा राग आला होता, अजूनही आहे.

गेल्या आठवड्यात श्रुतीचा फोन आला. "काका, मॅडमच्या जंतूंवर अर्क वापरून बघितला... चिकटले नाहीत."

मला आनंद व्हायला हवा होता की रडू यायला हवं होतं, कोण जाणे. आत काहीच हललं नाही. "पुन्हा करून बघ," मी म्हटलं. "एकदाच्या निकालावर ती विश्वास ठेवायची नाही." पलीकडे श्रुती रडत होती. मी विचारलं, "जंतू उरलेत ना अजून?"

"हो काका. फ्रीजरमध्ये आहेत. जिवंत आहेत."

तिच्या अंगातलं आता तेवढंच जिवंत आहे. "नीट सांभाळ त्यांना," मी म्हणालो आणि फोन ठेवला.