रथसप्तमीचं दूध

सन १९५४ ची रथसप्तमी, सकाळची वेळ, झरीतलं आमचं अंगण. रक्कम म्हणाल तर दोन चमचे दूध. हजर दोघंच — मी आणि सात महिन्यांचा माझा नातू. बाकी बायामाणसं आत होती. त्या सकाळी काय झालं ते माझ्या बायकोला ठाऊक नाही, मुलाला नाही, सुनेला तर नाहीच. आज तुमच्यापाशी बोलतो आहे.

अडतीवर मापं लिहिण्यात माझी हयात गेली, म्हणून आधी मांडणी नीट करतो. की नुसती लांबण लावतो आहे? तेही असेल.

सुमन माझी थोरली सून. तिला अंगावर दूध कमी, म्हणून पोराला तिसऱ्या महिन्यात बोंडल्यानं गाईचं दूध सुरू केलं. गाय आमची देवणी, मी हौसेनं आणलेली. थोड्याच दिवसांत पोराच्या गालांवर आणि कोपरांत लाल चट्टे उठले. प्यालेलं तो भडाभडा ओकायचा. शी शेंबडासारखी, तिच्यात रक्ताचे धागे. माझी बायको म्हणाली, दृष्ट लागली. शेजारी म्हणाले, उष्णता. मीठ-मोहऱ्या ओवाळून झाल्या, वावडिंग उगाळून झालं. मग गाईच्या सडाला सूज आली, दूध बंद झालं, पोराला अंगावरचं आणि भाताची पेज एवढंच मिळू लागलं — आणि रक्त थांबलं. गाय बरी झाली, दूध पुन्हा सुरू केलं, रक्त पुन्हा आलं. हे सुमनच्याच ध्यानात आलं. तिनंच हट्ट धरून आम्हाला परभणीला डॉक्टरकडे न्यायला लावलं.

डॉक्टर म्हणाले, काही लेकरांना गाईचं दूध सोसतच नाही. म्हशीचं नको, शेळीचंही नको, तेही याला तसंच बाधेल. आईचंच पाजा, पुन्हापुन्हा पाजलं की वाढेल. आणि आईनं खाल्लेलं थोडंफार तिच्या दुधात उतरतं, तेव्हा दूध, दही, ताक, तूप तिनंही सोडायचं. ज्वारी, डाळ, तीळ, शेंगदाणे मात्र तिला पोटभर द्या.

तसं केलं. पोर भरू लागलं. मी त्याला अडतीच्या काट्यावर तोलत असे, वजन माझ्याच डोळ्यांसमोर चढत होतं. याहून जास्त पुरावा मला कशाला हवा होता?

पारावर एकजण म्हणाला, "देवणी दारात आन् नातू पेजंवर? मुनीमजी, गाय तरी इका न्हाईतर सून तरी बदला." सगळे हसले. मीही हसलो. पण ते आत रुतून बसलं.

रथसप्तमीला आमच्याकडे अंगणात गोवऱ्यांवर बोळक्यात दूध ठेवतात, सूर्याकडे तोंड करून ते ओतू जाऊ देतात आणि उरलेलं प्रसाद म्हणून वाटतात. त्याच दिवशी पोराचं बोरन्हाण होतं. बायका आत बोरं आणि लाह्या मिसळत होत्या, पोर माझ्या मांडीवर. मनात आलं, सूर्याला दाखवलेलं दूध कसं बाधेल? — नाही, हे पुरतं खरं नाही. सुमन चुकली हे मला चारचौघांत दाखवून द्यायचं होतं. मी दूध फुंकून गार केलं आणि एक चमचा पाजलं. काही झालं नाही. म्हणून दुसरा.

आत नेऊन त्याला काळं झबलं घालेपर्यंत त्याचे ओठ सुजले. अंगभर गांधी उठल्या, ओकारी झाली, छातीतून शिट्टीसारखा आवाज येऊ लागला, मग मान टाकली. अडतीचा कापसाचा ट्रक निघतच होता, त्यात बसून परभणी गाठली. डॉक्टरांनी सुई दिली. पोर रडलं, तेव्हा सगळ्यांच्या जिवात जीव आला.

मग डॉक्टरांनी विचारलं, याच्या पोटात काय गेलं?

माझी बायको लगेच म्हणाली, "हिनंच घेतला आसंल पर्साद. जिभंला आवर न्हाई."

सुमन माझ्याकडे वळली. "मामंजी, तुमी तर अंगणातच होता. मी बोळक्याला हात तरी लावला का, सांगा की."

"माझं ध्यान नव्हतं," मी म्हणालो.

गुंजभर मापात ज्याचं ध्यान कधी ढळलं नाही, तो मी हे बोललो.

खरं सांगितलं असतं तर डॉक्टरांना एवढंच कळलं असतं की दूध थेट पोटात गेलं. ते कळलं नाही, म्हणून त्यांना वाटलं, आईच्या खाण्यातलंच काहीतरी बाधलं. उलगडा होईपर्यंत तिचे तीळ बंद, शेंगदाणे बंद. घरी बायको तिच्या ताटावर नजर ठेवू लागली. दुधाच्या शिंकाळ्याशी तिनं जायचं नाही असं ठरलं. आळीत तिला चटोर म्हणू लागले. आणि ती? ती स्वतःलाच तपासू लागली — लाडवाला तुपाचा हात लागला होता का, ताकाचं भांडं नीट विसळलं होतं का. कोरडी भाकरी आणि मिरची, एवढ्यावर आली. मी शेजारच्या पाटावर बसून जेवत होतो. दूध, भात, सगळं.

तिचं दूध आटू लागलं, ज्यावर पोर जगत होतं तेच. काट्यावर वजन चढेना, तेव्हा मी तोलणं सोडून दिलं.

पुढे डॉक्टरांनीच तिचं खाणं एकेक करून परत सुरू केलं. पोर तीन वर्षांचं झाल्यावर त्यांनी समोर बसवून त्याला दुधाचे थेंब दिले, हळूहळू वाढवले, आणि ते सोसलं. आता तो शाळेत जातो, पेलाभर दूध पितो. सुमनच्या दोन दाढा मात्र त्या कोरड्या भाकरीच्या वर्षीच पडल्या. तेव्हा ती बावीस वर्षांची होती. आळीत तिचं चटोर हे नाव अजून आहे, माझी बायको चेष्टेनं घेते आणि सुमनही हसते.

गेल्या संक्रांतीला मी सोनाराकडून साडेतीन तोळ्यांच्या पाटल्या घडवून आणल्या आणि सुमनच्या हातात दिल्या. देणं आहे असं म्हणालो नाही, सणाची भेट म्हणालो. ती पदर सावरून माझ्या पाया पडली. मी तिला आशीर्वाद दिला.